निवड जेवणाआधी : महिला समितीच्या प्रचाराच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार. छत्रपती संभाजीनगर

विभागीय कार्यालयात बैठक. या वर्षी मराठवाड्यात आमच्या कामगार संघटनेची जिल्हा अधिवेशनं आहेत आणि डिसेंबरात विभागीय. प्रत्येक ठिकाणी महिला समितीची ओळख करून द्यायची, सभासद जोडायचे आणि डिसेंबरपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यात समितीला निमंत्रक उभी करायची, असं काम माझ्याकडे आलं. सोबत परभणीच्या, आशांच्या (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या) गटप्रवर्तक असलेल्या ताई आणि वाळूजच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली एक मुलगी. बॅनर, पत्रक सगळं ती मोबाइलवरच बनवते.

खजिनदारांनी नेहमीप्रमाणे हात आखडता घेतला. दोन बॅनर, पत्रकं, घडीचं एक टेबल, प्रवास एसटीने. बाकी ‘बघू’.

आजची स्थिती लिहून ठेवते. पावती पुस्तकं चाळली तर सभासदांत बाया निम्म्याहून जास्त निघतात : अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या, घरकामगार, थोड्या एमआयडीसीतल्या. व्यासपीठावर मात्र स्वागतगीत म्हणायला आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायला. समिती घटनेत आहे, लेटरहेडवर आहे. ‘आठ मार्चचा कार्यक्रम करणाऱ्या बाया’ यापलीकडे तिला कोणी ओळखत नाही.

२२ जून, रविवार

जुनं पत्रक मुकुंदवाडीतल्या एका घरकामगार मावशींना वाचून दाखवलं. जागृती निर्माण करणे, सहभाग वाढवणे, नेतृत्व विकसित करणे, असं पानभर. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे सगळं करणार कोण हाय पण?” पत्रक रद्द.

नव्या पत्रकात समितीचं वर्णन एका ओळीत उरकलं. बाकी जागा प्रश्नांना दिली. दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या जागी छळाची तक्रार घेणारी अंतर्गत समिती आहे का, आणि तिच्यातल्या बायांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर कुठे आहे? बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा शेवटची कोणाला मिळाली? सेवेत रुजू झाल्याची तारीख तुमच्याकडे कागदावर आहे का? मागच्या बाजूला फोन नंबर, मोठ्या अक्षरात.

वाळूजच्या मुलीने एक गोंधळ दाखवला, तो महत्त्वाचा. तिच्या कारखान्यातल्या बायांना वाटतं, ‘महिला समिती तर आमच्या कंपनीत आहेच की.’ त्यांच्या डोळ्यासमोर असते २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती. ती मालकाने नेमायची असते. अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, बाहेरची एक सदस्य लागते. ती तक्रारीची चौकशी करते. कामाचे तास, पाळणाघर, संडास, बढती हे तिच्या कक्षेत येत नाही, आणि ती कामगारांची वकीलही नाही, तिला दोन्ही बाजू ऐकायच्या असतात. आपली समिती युनियनची, सभासदांनी निवडलेली. तक्रार करणारीबरोबर चौकशीच्या दारापर्यंत जाणारी आणि नंतर तिची बदली होते का यावर डोळा ठेवणारी. पत्रकात दोन चौकटी शेजारी शेजारी टाकल्या. कोणत्याही भाषणापेक्षा या दोन चौकटींनी जास्त काम होईल असं मला वाटतं.

घरकामगार, शेतमजूर, दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात काम करणाऱ्या, यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आठही जिल्ह्यांतले तिचे पत्ते हवेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या करा असे आदेश दिले आहेत, म्हणजे पत्ता विचारायला आपल्याला पूर्ण आधार आहे. गटप्रवर्तक ताई प्रत्येक जिल्ह्यात जाऊन विचारून आणणार. फोनवर कोणी सांगत नाही.

९ जुलै, बुधवार

देशव्यापी संप. टेबल लावलं नाही, फक्त पत्रकं वाटली. अंगणवाडीच्या बायांच्या तोंडी एकच विषय : १ जुलैपासून पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर लाभार्थीचा चेहरा टिपल्याशिवाय घरपोच आहार नोंदता येत नाही. मोबाइल जुना, रेंज नाही, आणि बाळाची आई शेतात. हा विषय परभणीच्या टेबलावर यायलाच हवा.

२७ जुलै, रविवार. परभणी जिल्हा अधिवेशन

सविस्तर लिहिते, कारण पुढची सगळी दिशा आज ठरली.

मंगल कार्यालय मोंढ्याजवळ. टेबलाला जागा मिळाली प्रवेशद्वारापाशी, एका बाजूला चपला आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचे जार. तक्रार करणार होते, पण पाण्याला प्रत्येक जण येतो हे लक्षात आल्यावर गप्प बसले. पत्रकं भरपूर गेली. चौकटी वाचून दोघी-तिघी थांबल्या. चेहरा पडताळणीबद्दल बोलायला तर रांग लागली.

कार्यक्रम पत्रिका अशी : दहाला ध्वजारोहण (झालं पावणेबाराला), मग शोकप्रस्ताव, पाहुण्यांची भाषणं, जेवण, अहवालवाचन, अहवालावर चर्चा, जमाखर्च, ठराव, ‘महिला समिती : परिचय’ पाच वाजता दहा मिनिटं, आणि शेवटी नवीन कार्यकारिणीची निवड.

साडेतीनपासून बाया उठायला लागल्या. जिंतूर, पालम, सोनपेठ, गंगाखेड, कोणाला पुढे खेड्यात जायला मुक्कामी गाडी पकडायची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे अधिवेशनाला येणाऱ्या वाढल्या हे खरं. पूर्वी एका गावातून एक यायची, आता तिघी येतात. पण सवलत तिकिटात आहे, वेळापत्रकात नाही. पालमच्या एक सेविका ताई पिशवी काखेत मारून म्हणाल्या, “पाचला तुमचं भाषण हाय म्हणं. ऐकलं असतं माय, पण गाडी काय मह्यासाठी थांबायली का?”

पाच वाजताची वेळ सहाला आली. समोर बाया उरल्या त्या शहरातल्या. मी माझी दहा मिनिटं पाचात संपवली. त्यानंतर निवड. पॅनल वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. पंचवीस जणांच्या कार्यकारिणीत बाया चार, त्यातल्या दोघी गाडीत. पदाधिकाऱ्यांत एक, उपाध्यक्ष. उपाध्यक्षाला काम काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

निवड कोणी मुद्दाम उशिरा ठेवली नव्हती. तसा रिवाज आहे, एवढंच. पण ज्यांना शेवटच्या गाडीची चिंता नाही त्यांनीच तो पाडलेला. बाया पुढे येत नाहीत असं आपले लोक म्हणतात, तेव्हा यापुढे मी त्यांना परभणी आगाराचं वेळापत्रक दाखवणार.

२ ऑगस्ट, शनिवार

आढावा. मी एकच मागणी ठेवली : निवड जेवणाआधी घ्या.

सरचिटणीस भाऊंचा आक्षेप वाजवी होता. अहवालावर चर्चा झाल्याशिवाय, जुन्या कार्यकारिणीने हिशेब दिल्याशिवाय नवी निवडायची कशी? लोकशाहीचा क्रमच उलटा होईल. आणि निवड झाली की लोक घरी जातात, ठराव कोणापुढे मांडायचे?

पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर होतं. अहवाल छापून आठ दिवस आधी तालुक्यांना पाठवा. दोन तास वाचून दाखवण्यात जातात ते वाचतील. ध्वजारोहण साडेनऊला, पाहुण्यांची भाषणं जेवणानंतर, सकाळचा सगळा वेळ चर्चा, जमाखर्च आणि निवड. पाहुणे दुपारी म्हटल्यावर खोलीत थोडी शांतता पसरली. आमदार, जिल्हाध्यक्ष, बाहेरून आलेले नेते यांना दुपारी अडीचचं, पेंगुळलेलं सभागृह द्यायचं हे कोणाच्या पचनी पडेना. दुसऱ्या मुद्द्याला उत्तर नव्हतं. निवडीनंतर लोक जातात हे खरंच.

शेवटी ठरलं, जालन्यात एकदा करून बघू. लातूर, बीडचे कार्यक्रम ठरून गेले आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

तारखा तपासल्या. लातूर आधी ३१ ऑगस्टला धरलं होतं. त्या दिवशी महालक्ष्म्या बसतात! दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. कोण येणार होतं? ७ सप्टेंबर करून घेतलं. पंचांग पुढे ठेवून तारीख धरायची हा नियम.

७ सप्टेंबर, रविवार. लातूर जिल्हा अधिवेशन

टेबल यावेळी सभागृहाच्या आत, मागच्या भिंतीशी. बॅनरवर ‘रुजू तारीख तपासा’ एवढंच मोठं, समितीचं नाव खाली लहान. वाळूजच्या मुलीची कल्पना. मला आधी पटली नव्हती, पण तिचंच बरोबर निघालं.

सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. गुजरातच्या मणिबेन भारिया यांचा दावा होता. निकाल बऱ्याच जणींनी ऐकलेला आहे. आपली सेवा किती वर्षांची हे कागदावर कोणत्या तारखेपासून दिसतं, हे मात्र थोड्यांनीच पाहिलेलं. हिशेब सरळ आहे : शेवटच्या महिन्याच्या रकमेला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. म्हणजे रुजू तारीख एका वर्षाने सरकली की अर्ध्या महिन्याहून जास्तीचे पैसे गेले. मदतनीस म्हणून लागून पुढे सेविका झालेल्यांची आधीची वर्षं धरली आहेत का, हा आणखी वेगळा प्रश्न.

आम्ही टेबलावर कोरे तक्ते ठेवले. नियुक्तीपत्र आहे का, पहिल्या मानधनाची नोंद कुठे, बालविकास प्रकल्प कार्यालयात यादी बघितली का. बाया तक्ता भरायला बसल्या आणि शेजारणीला हाक मारायला लागल्या. निवृत्तीला टेकलेल्या एका मदतनीस आक्कांनी घरून पिशवी आणवली, नातू मोटारसायकलवर घेऊन आला. पिशवीत सगळं होतं, नियुक्तीपत्र सोडून. त्यांचा अर्ज समितीच्या नावाने प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यायचा ठरला. समिती काय करते हे सांगायची गरजच पडली नाही, रांगेतल्या बाया एकमेकींना सांगत होत्या. सभासद पावत्या चांगल्या फाटल्या.

मोंढ्यात आडतीवर धान्य झाडणाऱ्या, चाळणाऱ्या काही जणी आल्या होत्या. हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार तरी आहे, या त्याच ढिगावर काम करूनही कोणाच्या रजिस्टरला नाहीत. त्यांच्याकडे रुजू तारीख कुठली? आमचा तक्ता त्यांना निरुपयोगी. त्यांच्यासाठी काय ठेवायचं हे अजून ठरलेलं नाही. बॅनरखाली बसून चहा पिऊन गेल्या.

दुपारी एका जुन्या कार्यकर्त्या भाऊंनी टेबलाशी येऊन जोरात विचारलं, “युनियन आहे ना सगळ्यांची? मग ही वेगळी चूल कशाला?” हा प्रश्न दरवेळी येणार म्हणून उत्तर लिहून ठेवते. अहमदाबादचं उदाहरण दिलं. अनसूया साराभाईंनी जिथे गिरणी कामगारांना संघटित केलं, त्या १९२० च्या मजूर महाजनाचा महिला विभाग होता. १९६८ पासून तो इला भट्ट बघत होत्या. बाजारात ओझी वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या बायांना घेऊन त्यांनी १९७२ मध्ये सेवा ही युनियन नोंदवली. नोंदणी सहज मिळाली नाही, यांचा मालक कोण असं कामगार खात्याचं म्हणणं होतं. आणि १९८१ साली मजूर महाजनाने सेवेला बाहेर काढलं. भाऊ म्हणाले, “म्हणजे फुटलंच ना शेवटी.” मी म्हणाले, चूल वेगळी झाली ती आतल्या चुलीवर जागा पुरेना म्हणून. सीटू या कामगार संघटनेनेही १९७९ मध्ये कामकरी महिलांची समन्वय समिती केली, विमल रणदिवे तिच्या प्रमुख नेत्या होत्या, ती संघटनेच्या आतच राहिली. दोन्ही वाटा आहेत. भाऊंना उत्तर पटलं नाही, पण पत्रक घेतलं, सुनेसाठी म्हणून. ती कारखान्यात जाते.

निवड सव्वासहाला. त्यावर परत लिहीत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कारखान्यात रोजच्या कामाचे तास ९ वरून १२ करायला राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबरला मंजुरी दिली, त्यावर वाळूजमधून फोन. बारा तास आणि येण्याजाण्याचे दोन, मग पोराला कोण बघणार? वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या बायांसाठी वेगळं पत्रक काढायचं, पाळणाघर आणि कामाचे तास हे दोनच विषय.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाऊस. धाराशिव, बीड, जालना, लातूर, सगळीकडून वाईट बातम्या. सोयाबीन पाण्यात, रस्ते बंद. २८ तारखेचं बीडचं अधिवेशन पुढे ढकललं. आशा आणि सेविका पूरग्रस्तांच्या कामात आहेत, त्यांना आत्ता अधिवेशनाचे फोन करायचे नाहीत असं मीच सगळ्यांना कळवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार. बीड जिल्हा अधिवेशन

याच्या पुढे तारीख नेता येत नव्हती. गाळप १ नोव्हेंबरला सुरू होणार, दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मग तांडे आणि वस्त्या रिकाम्या. ऊसतोड बायांना भेटायचं तर याच पंधरवड्यात. पूर आणि पीक गेल्यामुळे यंदा उचल (मुकादमाकडची आगाऊ रक्कम) आधीच घेतली आहे, असं त्याच सांगतात.

टेबलाशी पहिली अडचण सभासद अर्जाची. मध्यवर्ती कार्यालयाच्या अर्जात ‘मालकाचे नाव’ असा रकाना आहे. वडवणी भागातली एक बाई म्हणाली, “मुकादमाचं लिहू का कारखान्याचं? का नवऱ्याचं?” ती चेष्टा करत नव्हती. उचल नवऱ्याच्या हातात येते, हिशेब नवराबायको मिळून एक कोयता असा होतो, मोळी बांधून डोक्यावर गाडीपर्यंत नेणाऱ्या बाईचं वेगळं नाव कुठेच पडत नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड मात्र वेगळा कळतो. आम्ही त्या रकान्यावर कागद चिकटवला आणि लिहिलं : ‘मागचा हंगाम कुठे’. सगळ्यांनी भराभर भरला.

बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय मी व्यासपीठावरून मांडला. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं होतं. सभागृह गंभीर झालं. पण खाली उतरल्यावर एक म्हातारी म्हणाली, “हे आकडे आमालाच सांगून काय उपेग? कोपीवर (फडावरच्या झोपडीत) बाथरूम द्या म्हणून कारखान्याला सांगा.” तिचं म्हणणं समितीच्या मागण्यांत पहिलं घेतलं : थळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामाच्या जागी, संडास-न्हाणी, पाळीच्या दिवसांत खाड्याचा दंड नाही, उचलीच्या करारावर बाईचंही नाव आणि तिच्या हिश्शाचे पैसे तिच्या हातात. ग्रामसेवकाकडून मिळणारं ओळखपत्र नवऱ्याचं आहे पण तिचं नाही अशा घरांची यादी गावातल्या आशाच करतील.

पत्रक तिथे उपयोगाचं नाही. कोपीत कागद टिकत नाही आणि वाचता येणाऱ्या थोड्या. गटप्रवर्तक ताईंनी टोळीगणिक एका बाईच्या मोबाइलमध्ये समितीचा नंबर भरून दिला, स्वतः बटणं दाबून. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक, जिथे जातील तिथून एक मिस कॉल द्यायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

जालन्याच्या तयारीसाठी बोलण्याचा सराव. तीन मिनिटांत बोलायचं. पहिलं वाक्य आपल्या कामाचं, दुसरं अडचणीचं, तिसरं मागणीचं. ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हटलं की घड्याळ सुरू. सुरुवातीला सगळ्या जणी आदरणीयांची नावं घेण्यातच अडकल्या, हसून पुरेवाट झाली. शेवटी बियाणे प्लॉटवर क्रॉसिंगला, म्हणजे कपाशीचं हाताने परागीकरण करायला, जाणारी एक पोरगी उठली. कपाशीच्या कळ्या सोलताना नखांचं काय होतं ते हात पुढे करून दाखवलं आणि बसली. तिला मागणी सांग म्हणावं लागलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारी, २१ तारखेला, केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. २९ कायद्यांच्या जागी चार. संघटनेचा विरोध आहे, २६ तारखेला निदर्शनं आहेत, पण माझ्यासमोर रोकडा प्रश्न : पत्रकाचं काय?

बसून एकेक ओळ तपासली. बाळंतपणाचा आणि ग्रॅच्युइटीचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. २६ आठवडे आणि पन्नास कामगारांना पाळणाघर तसंच आहे. मुदतीच्या कराराने लागलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, ही ओळ नवीन घालायची. समान वेतनाचा १९७६ चा कायदा वेतन संहितेत. छळाचा २०१३ चा कायदा या २९ मध्ये नाही, त्यामुळे दोन चौकटी तशाच राहतील. संमती आणि सुरक्षेच्या अटीवर बायांना रात्रपाळी लावता येईल. संमती कागदावर घेतली की तोंडी, नाही म्हटलं तर काय, हे वाळूजच्या पत्रकात पहिलं हवं.

आणि एक गोष्ट आपल्या कामाची. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती लागते आणि तिच्यात बायांचं प्रमाण त्या ठिकाणच्या बाया कामगारांच्या प्रमाणापेक्षा कमी ठेवता येत नाही, असं औद्योगिक संबंध संहितेत आहे. मालकाला जी अट घालतात ती आपल्या कार्यकारिणीला का नको? हे वाक्य नांदेडसाठी राखून ठेवलं.

अंगणवाडीच्या ग्रॅच्युइटीचा निकाल जुन्या कायद्यावरचा. तो संहितेखाली कसा चालेल यावर वकिलांचं मत लेखी आल्याशिवाय टेबलावर काही सांगायचं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार. जालना जिल्हा अधिवेशन

ध्वजारोहण दहाला. साडेनऊचे दहा, चालेल. अहवाल आधीच पोचला होता, त्यामुळे चर्चेला लोक मुद्दे लिहून आले. अंबड आणि घनसावंगीच्या सेविकांनी अहवालातल्या ‘महिला आघाडीवर समाधानकारक काम’ या ओळीला धरून कोणतं काम ते विचारलं. सरचिटणीस भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

पाऊण वाजता निवड. सभागृह भरलेलं. पॅनल वाचलं गेलं तेव्हा भोकरदनच्या एक सेविका ताई उभ्या राहिल्या आणि खजिनदारपदासाठी घरकामगारांच्या शाखेतल्या बाईंचं नाव सुचवलं. शाखेची पावती पुस्तकं त्याच सांभाळतात, हिशेब कधी चुकत नाही. अनुमोदन चार बाजूंनी आलं. पॅनलमधल्या भाऊंनी नाव मागे घेतलं, चेहरा उतरला होता पण घेतलं. एक सहसचिवही बाई झाली. कार्यकारिणीत बाया तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. निम्म्या व्हायला हव्या होत्या.

सरचिटणिसांची भीती अर्धी खरी ठरली. निवडीनंतर लोक गेलेच, पण गेले ते पुरुष, जेवून. तिथल्या तिथे राहणारे, मोटारसायकलवाले. बाया बसून राहिल्या, कारण गाडी चारची होती. त्यामुळे ठरावांच्या वेळी सभागृहात बाया जास्त, पाळणाघराचा ठराव आणि क्रॉसिंगच्या मजुरांना हातमोजे आणि दवाखान्याचा खर्च हा ठराव, दोन्ही चर्चा होऊन मंजूर. पाहुण्यांनी भाषण छोटं केलं. असं पहिल्यांदाच घडताना पाहिलं.

१३ आणि १४ डिसेंबर. नांदेड, विभागीय अधिवेशन

दोन दिवसांचं, म्हणजे मुक्काम. बायांची सोय शाळेच्या वर्गांत. आदल्या दिवशी मी आणि वाळूजची मुलगी जाऊन संडास, कड्या, दिवे, पाणी बघून आलो. दोन कड्या लोहाराकडून बसवून घेतल्या. निमंत्रण पत्रिकेवर ‘महिलांची राहण्याची स्वतंत्र सोय’ असं छापलं की काम झालं असं समजतात, ती पत्रिका छापणारे तिथे झोपत नाहीत.

पाळणाघर ठेवलं. आयोजकांनी ते आपसूक अंगणवाडी मदतनिसांवर टाकलं. त्या सरळ म्हणाल्या, “आमी हितं प्रतिनिधी म्हणून आलेत, पोरं संभाळायला नाही.” थोडी गडबड झाली. मग हमाल शाखेचे दोन भाऊ आणि एक बँकेतले निवृत्त काका बसले. काकांनी पोरांना दिवसभर हिशेबाची वही रंगवायला दिली.

समितीचं सत्र पहिल्या दिवशी अकराला, अर्धा तास. बोलणाऱ्या सगळ्या सराव केलेल्या. बीडच्या बाया अर्थात नव्हत्या, त्या उसाच्या फडात. त्यांच्या मागण्या गटप्रवर्तक ताईंनी मांडल्या आणि हंगामात कोणाकोणाचे फोन आले तेही सांगितलं. जागतिक कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार, कामाच्या जागी हिंसा आणि छळाबद्दलचा, भारताने अजून स्वीकारलेला नाही, तो स्वीकारावा असा ठराव झाला. सभासदांतल्या बायांच्या प्रमाणात कार्यकारिणीत बाया, हा घटनादुरुस्तीचा ठराव मात्र ‘राज्य कौन्सिलकडे शिफारस’ होऊन गेला. संहितेचं वाक्य मी वापरलं, टाळ्या पडल्या. मतदानाला टाकू दिलं नाही.

निवड दुसऱ्या दिवशी साडेबाराला. यावर वाद झाला नाही, जालन्याचा दाखला पुरला.

२१ डिसेंबर, रविवार

हिशेब दिला. बॅनरपेक्षा झेरॉक्सचा खर्च जास्त, तक्ते गेले ना. खजिनदारांनी पहिल्यांदाच ‘एवढंच?’ विचारलं.

निमंत्रक परभणी, लातूर, जालना, नांदेड आणि संभाजीनगरला आहेत. बीडला हंगाम संपल्यावर. धाराशिवला एक तयार आहे, घरचे नाहीत. हिंगोली बाकी. स्थानिक समितीचे पत्ते सगळ्या जिल्ह्यांचे अजून झाले नाहीत, ताई पुन्हा फेरी मारणार. लातूरच्या आक्कांचा अर्ज प्रकल्प कार्यालयात पडून आहे, पोच हातात आहे. मोंढ्यातल्या बायांसाठी माथाडी मंडळाकडे काय मागायचं ते वकिलांना विचारायचं.

हिंगोलीच्या जिल्हा अधिवेशनाच्या पत्रिकेचा कच्चा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. महिला समिती पावणेपाच, निवड साडेपाच. जिल्हा सचिवांना फोन लावला. म्हणाले, “ताई, पाहुणे सकाळीच मोकळे आहेत हो.” मी विचारलं, औंढ्याची शेवटची गाडी किती वाजता? म्हणाले, बघून सांगतो. मंगळवारपर्यंत वाट बघते, छपाई बुधवारी आहे.